लुसिंडा विल्यम्स

लुसिंडा विल्यम्स (जन्म : २६ जानेवारी १९५३, लेक चार्ल्स, लुइझियाना) ही अमेरिकन गीतकार, गायिका आणि गिटारवादक. ‘ऑल्टरनेटिव्ह कंट्री’ किंवा ‘ऑल्ट-कंट्री’ या प्रवाहातले तिचे नाव अग्रभागी घेतले जाते. मात्र या प्रवाहाला नाव मिळाले आणि १९९५ मध्ये त्याला वाहिलेले ‘नो डिप्रेशन’ हे नियतकालिक निघाले, तेव्हा तिचा पहिला अल्बम येऊन सोळा वर्षे उलटली होती. तिला मिळालेली तीन ग्रॅमी पारितोषिकेही तीन वेगवेगळ्या खात्यांतली आहेत : कंट्री, लोकसंगीत आणि रॉक. कोणत्याही एका खात्यात न बसणे, या एकाच गोष्टीतून तिच्या कारकिर्दीतला निम्मा त्रास आणि बरेचसे यश आले.

टेनेसीतले नॅशव्हिल हे कंट्री संगीताच्या, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेतून आलेल्या लोकप्रिय संगीताच्या, व्यवसायाचे केंद्र. १९८०–९० च्या दशकांत तिथून रेडिओसाठी निघणारी गाणी गुळगुळीत आणि साचेबंद झाली होती. त्या चाकोरीबाहेर राहून जुने हाँकी-टाँक (दारूच्या गुत्त्यांतले कंट्री), ब्लूज, लोकगीते आणि पंक-रॉकचा उद्धटपणा एकत्र आणणाऱ्यांना पुढे ऑल्ट-कंट्री म्हटले गेले. ही व्याख्या सैल आहे आणि तिने फारसे काही साधत नाही; विल्यम्सच्या बाबतीत तर तिची गाणी ऐकणे हाच सोपा मार्ग.

वडील मिलर विल्यम्स कवी आणि साहित्याचे प्राध्यापक. बिल क्लिंटन यांच्या दुसऱ्या शपथविधीत, जानेवारी १९९७ मध्ये, कवितावाचन त्यांनीच केले. आई लुसील पियानो शिकलेली, पण आयुष्यभर मानसिक आजाराशी झगडणारी. आईवडील विभक्त झाल्यावर मुले वडिलांकडे राहिली. पोटासाठी विद्यापीठे बदलत वडील फिरले आणि त्यांच्यामागे मुलेही : मेकन, बॅटन रूज, न्यू ऑर्लिन्स, चिलीतले सँटियागो, मेक्सिको सिटी, शेवटी आर्कान्सामधले फेएटव्हिल. घरी कवी-लेखकांचा राबता असे. लहानपणी वडिलांबरोबर ती कथाकार फ्लॅनरी ओकॉनर यांच्या घरी गेली, तेव्हा अंगणातल्या मोरांच्या मागे धावली होती, ही आठवण ती आवर्जून सांगते. १९६५ मध्ये वडिलांच्या एका विद्यार्थ्याने बॉब डिलनचा नवा अल्बम घरी आणला. बारा वर्षांच्या मुलीला त्यात दोन जगे एकत्र भेटली : वडिलांच्या कवितेचे आणि लोकगीतांचे. गिटार तिने त्याच सुमारास हातात घेतली. शाळा मात्र पुरी झाली नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात ध्वजनिष्ठेची शपथ म्हणायला तिने नकार दिला आणि न्यू ऑर्लिन्समधल्या शाळेशी खटका उडाला.

सत्तरच्या दशकात ती ऑस्टिन आणि ह्यूस्टनमध्ये छोट्या ठिकाणी गात होती. १९७९ मध्ये ‘फोकवेज’ या लोकसंगीताच्या कंपनीने तिचा पहिला अल्बम काढला. त्यात सारी जुनी ब्लूज आणि कंट्री गाणी होती. १९८० च्या ‘हॅपी वुमन ब्लूज’मध्ये तिची स्वतःची गाणी आली. त्यानंतर आठ वर्षे एकही अल्बम नाही. या काळात ती लॉस एंजेलिसला गेली. एका बड्या कंपनीने तिच्याकडून नमुन्याची ध्वनिफीत करून घेतली. तिथल्या रॉक विभागाला ती ऐकून फार कंट्री वाटली. नॅशव्हिलला पाठवली, तर तिथल्या लोकांना फार रॉक वाटली. शेवटी तिला हात दिला तो ‘रफ ट्रेड’ या पंक संगीताशी नाते असलेल्या ब्रिटिश कंपनीने. १९८८ मध्ये ‘लुसिंडा विल्यम्स’ या नावाचाच अल्बम आला, तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती.

हा अल्बम खपला थोडा, पण गायकांनी तो ऐकला. पॅटी लव्हलेस, एमिलू हॅरिस, टॉम पेटी यांनी पुढे त्यातली गाणी गायली. ‘पॅशनेट किसेस’ हे गाणे मेरी चेपिन कार्पेंटरने १९९२ मध्ये ध्वनिमुद्रित केले, कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत ते चौथ्या क्रमांकापर्यंत चढले आणि १९९४ मध्ये त्यासाठी गीतकार म्हणून विल्यम्सला पहिले ग्रॅमी मिळाले. ज्या नॅशव्हिलने तिला परत पाठवले होते, तिथल्याच रेडिओवर तिचे गाणे दुसऱ्याच्या आवाजात वाजत होते. गाणे म्हणजे मागण्यांची यादी आहे : पाठ न दुखवणारे अंथरूण, पोटभर अन्न, शाई न संपणारे पेन, विचार करायला थोडी शांतता, आणि मग प्रेमही, जणू तेही याच किराणा यादीतले. ‘चेंज्ड द लॉक्स’ची रचना त्याहून कडक. त्यात ध्रुवपद नाही. सोडून गेलेल्या माणसाने पुन्हा गाठू नये म्हणून बाई कुलूप बदलते, मग फोन नंबर, मग गाडी, कपडे, रेल्वेचे रूळ आणि अखेर गावाचे नावसुद्धा. कडव्यागणिक वेडेपणा वाढतो आणि आवाज मात्र शांत राहतो.

१९९२ च्या ‘स्वीट ओल्ड वर्ल्ड’मध्ये मृत्यूची छाया आहे. फेएटव्हिलमधला तरुण कवी फ्रँक स्टॅनफर्ड, विल्यम्स कुटुंबाचा मित्र, याने १९७८ मध्ये आत्महत्या केली. ‘पिनिओला’ हे गाणे त्या घटनेतून आले.

पुढचा अल्बम यायला सहा वर्षे लागली. ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’ तिने प्रथम जुना गिटारवादक-सहनिर्माता गर्फ मॉर्लिक्स याच्यासह ऑस्टिनमध्ये केला आणि बाजूला ठेवला. मग स्टीव्ह अर्ल व रे केनेडी यांच्यासह नॅशव्हिलमध्ये पुन्हा केला. शेवटचा हात रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या बँडमधल्या रॉय बिटनने लॉस एंजेलिसमध्ये फिरवला. मॉर्लिक्सशी संबंध तुटले ते तुटलेच. वृत्तपत्रांनी ‘कशानेही समाधान न होणारी बाई’ अशी तिची प्रतिमा रंगवली. एखाद्या पुरुष गायकाने असाच वेळ घेतला असता, तर त्याला ध्यास म्हटले असते, हा तिचा आक्षेप खोटा नाही. जून १९९८ मध्ये अल्बम आला. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ने घेतलेल्या समीक्षकांच्या वार्षिक कौलात तो पहिला आला आणि समकालीन लोकसंगीताचे ग्रॅमीही त्यालाच मिळाले.

हा अल्बम गावांचा आहे. शीर्षकगीतात गाडीच्या मागच्या सीटवर बसलेले चार-पाच वर्षांचे मूल आहे. रेडिओ, स्वयंपाकघरातला वास, मागे पळणारे तारांचे खांब आणि पुढच्या सीटवर मोठ्यांची दबकी कुजबुज. काय बिनसले आहे ते कोणी सांगत नाही. हे गाणे पहिल्यांदा ऐकल्यावर वडिलांनी तिची माफी मागितली. ते मूल आपली मुलगीच आहे, हे त्यांनी तिच्या आधी ओळखले होते. ‘लेक चार्ल्स’मधला प्रियकर पूर्व टेक्सासमधल्या नॅकोडोचिसचा, पण सगळ्यांना आपले गाव लेक चार्ल्स सांगणारा. ‘जॉय’मध्ये हिरावलेला आनंद शोधायला ती वेस्ट मेम्फिस आणि स्लायडेलला जाते, जणू तो तिथे एखाद्या दुकानात विसरला असावा. ‘जॅक्सन’मध्ये एकेक गाव मागे पडते आणि प्रत्येक गावी आठवण कमी होईल अशी ती स्वतःची समजूत घालते. सतत घर बदललेल्या मुलीला गावांची नावे हाच टिकाऊ ऐवज मिळाला असावा. ‘ड्रंकन एंजल’ ऑस्टिनमधल्या ब्लेझ फोली या गायकावर आहे. १९८९ मध्ये तो गोळी लागून मेला.

यानंतर वेग वाढला. २००१ मध्ये ‘एसेन्स’ आला. त्यातल्या ‘गेट राइट विथ गॉड’ला रॉक गायनाचे ग्रॅमी मिळाले आणि ‘टाइम’ साप्ताहिकाने तिला अमेरिकेतली सर्वोत्तम गीतकार ठरवले. पुढच्या काही अल्बमांत गाणी लांबतात, शब्द फिरून फिरून तेच येतात. काही श्रोत्यांना ते सैल वाटते. आवाज मात्र वयाबरोबर अधिक खरखरीत झाला, दक्षिणेकडचा ओढाळ उच्चार आणखी गाढ झाला, आणि त्या गाण्यांना तो शोभला. २००९ मध्ये मिनीॲपोलिसच्या ‘फर्स्ट अव्हेन्यू’ या संगीतगृहात, मैफलीनंतर रंगमंचावरच, तिने टॉम ओव्हरबी याच्याशी लग्न केले. २०१४ च्या दुहेरी अल्बमाची सुरुवात वडिलांच्या कवितेवर बांधलेल्या ‘कंपॅशन’ या गाण्याने होते. मिलर विल्यम्स १ जानेवारी २०१५ रोजी अल्झायमरने वारले. बासष्ट वर्षांपूर्वी याच तारखेला कंट्री गायक हँक विल्यम्स गेला होता. आडनाव एक असले तरी नाते नाही, पण मरणापूर्वी काही महिने तो लेक चार्ल्सला गायला आला असता तरुण मिलर त्याला भेटले होते. २०१६ च्या ‘द गोस्ट्स ऑफ हायवे २०’ची कल्पना तिला दक्षिणेतल्या दौऱ्यात सुचली : बालपणीची अनेक गावे एकाच महामार्गाच्या आसपास आहेत. २०१८ मध्ये जाझ सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड यांच्याबरोबर तिने ‘व्हॅनिश्ड गार्डन्स’ केला.

नोव्हेंबर २०२० मध्ये नॅशव्हिलच्या घरी तिला पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या उजव्या भागात गुठळी होती, त्यामुळे डावे अंग लुळे पडले. गिटारच्या तारा दाबणारा हात तोच. वाचा मात्र शाबूत राहिली. २०२१ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा रंगमंचावर आली, गिटार न घेता. २०२३ मध्ये तिचे आत्मचरित्र आणि ‘स्टोरीज फ्रॉम अ रॉक अँड रोल हार्ट’ हा अल्बम, दोन्ही आले. त्यातली गाणी तिने नवरा आणि सहकाऱ्यांना बरोबर घेऊन रचली, आणि स्प्रिंगस्टीन व त्याची पत्नी पॅटी स्कॅल्फा यांनी त्यात साथीला गळा दिला.