बेकवेल टार्ट घरी करताना: किटमध्ये काय आहे आणि तळ कच्चा का राहतो

नमस्कार मंडळी, आमचं किट घेतलंत त्याबद्दल मनापासून आभार. डर्बीतल्या आमच्या छोट्या दुकानात आम्ही दोघं नवरा-बायको ही किट्स स्वतः वजन करून भरतो आणि इंग्लंडभरच्या मराठी घरांत पाठवतो. ग्राहकांचे सगळ्यात जास्त फोन एकाच गोष्टीसाठी येतात, की वरून टार्ट मस्त सोनेरी झालं, घरभर बदामाचा वास सुटला, पण कापलं तर खालची पेस्ट्री पांढरीफटक आणि लिबलिबीत. म्हणून हे पत्रक काढलंय. कृती पूर्ण दिलीय, पण आमचा सगळा जोर तळावर आहे, कारण वरचा भाग बहुतेकांचा पहिल्या फटक्यात जमतो, घोटाळा खालीच होतो.

आमच्या पहिल्या टार्टचंही असंच झालं होतं. चिनी मातीच्या जाड, सुंदर डिशमध्ये केलेलं, पाहुणे समोर बसलेले. सुरी आत गेली तेव्हा वरच्या बदामांचा हलका चुरचुर आवाज आला आणि तळाशी गेल्यावर काहीच आवाज नाही. तुकडा उचलला तर त्याचं टोक खाली वाकलं, आणि तळाला बोट लावलं तर भिजवलेल्या कणकेसारखं चिकटलं. तेव्हापासून आम्ही पहिल्या किटबरोबर पातळ पत्र्याचा, तळ सुटा होणारा टिन देतोच देतो, भले किटची किंमत थोडी वाढली तरी.

आधी हे टार्ट आहे तरी काय

बेकवेल हे डर्बीशायरमधलं, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरातलं वाय नदीकाठचं गाव. तिथे गेलात तर दुकानांत "पुडिंग" आणि "टार्ट" अशा दोन गोष्टी दिसतील आणि त्या दोन्ही वेगळ्या आहेत हं. पुडिंग जुनं. त्यात पापुद्र्यांची पफ पेस्ट्री, जॅमचा थर आणि वर अंडी, बटर, साखर, बदामाचं मऊसर कस्टर्डसारखं सारण असतं. गावात गोष्ट सांगतात की तिथल्या खानावळीतल्या स्वयंपाकिणीने पिठात घालायचं अंड्याचं मिश्रण चुकून जॅमवर ओतलं आणि पुडिंग जन्माला आलं. कोणी हे १८२० चं म्हणतं, कोणी १८६० चं. पण एलायझा ॲक्टन यांच्या १८४५ च्या पाककृतींच्या पुस्तकात बेकवेल पुडिंग आहेच, त्यामुळे १८६० ची गोष्ट तर जुळत नाही. टार्ट त्यानंतरचं, विसाव्या शतकात रुळलेलं. त्यात पफच्या जागी खुसखुशीत शॉर्टक्रस्ट पेस्ट्री, मग रास्पबेरी जॅम, मग फ्रँजिपेन म्हणजे बटर, साखर, अंडं आणि बदामपुडीचं केकसारखं भरीव सारण, आणि वर बदामाचे काप. त्यावर पांढरं आयसिंग आणि पाकातली लाल चेरी लावली की झालं चेरी बेकवेल, जे इथल्या सुपरमार्केटमध्ये सहाच्या खोक्यात मिळतं आणि मुलांना तेच माहीत असतं. आमचं किट साध्या टार्टचं आहे, आयसिंगचं शेवटी सांगतो.

किटमध्ये आणि किटबाहेर

पाकिटांवर नंबर आहेत. १ नंबरमध्ये २०० ग्रॅम प्लेन फ्लार आणि ३० ग्रॅम पिठीसाखर एकत्र, ही पेस्ट्रीची. २ नंबरमध्ये १२५ ग्रॅम कॅस्टर शुगर. ३ नंबरमध्ये १२५ ग्रॅम बदामपूड आणि २५ ग्रॅम प्लेन फ्लार. शिवाय २५ ग्रॅम बदामाचे काप, रास्पबेरी जॅमची छोटी बरणी आणि आल्मंड एक्स्ट्रॅक्टची इवलीशी बाटली. तुमच्या घरचं लागेल २२५ ग्रॅम अनसॉल्टेड बटर (१०० पेस्ट्रीला, १२५ फ्रँजिपेनला), ३ मध्यम अंडी आणि थोडं फ्रीजचं गार पाणी. टिन २३ सेंटीमीटरचा आहे, दहा तुकडे आरामात होतात.

महत्त्वाचं: यात बदाम आणि गहू आहेत, आणि तुम्ही घालणार ते बटर (म्हणजे दुधाचा पदार्थ) आणि अंडं. कोणाला ॲलर्जी असेल तर आधी पाकिटावरची यादी वाचा. इथल्या बऱ्याच शाळांमध्ये नट्स चालत नाहीत, त्यामुळे मुलांच्या डब्यात हे टार्ट देऊ नका, घरीच खाऊ घाला.

पाकिटं संपल्यावर दुसऱ्यांदा स्वतःच्या सामानाने करणार असाल तर दोन-तीन गोष्टी. प्लेन फ्लार म्हणजे आपला मैदा समजा, सेल्फ-रेझिंग घेऊ नका, त्यात बेकिंग पावडर असते आणि पेस्ट्री फुगून मऊ होते. चपातीचं पीठ पण नको. बदाम रात्रभर भिजवून, सोलून मिक्सरला वाटायची आपल्याला सवय, पण इथे ते अजिबात चालत नाही, ओल्या वाटणातलं पाणी सरळ तळात उतरतं. घरी पूड करायचीच तर कोरडे सोललेले बदाम दोन चमचे साखरेबरोबर मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलं की तेल सुटतं आणि गोळा होतो. जॅम घट्ट, चांगला जमलेला घ्या. कमी साखरेचा पातळसर जॅम ओव्हनमध्ये उकळून वर येतो.

आल्मंड एक्स्ट्रॅक्टबद्दल बरेच जण विचारतात की बदाम एवढे घातलेत तर हे कशाला. साध्या गोड बदामाला तो "बेकरीवाला" वास जवळपास नसतोच. तो वास कडू बदामाचा किंवा जर्दाळूच्या बीचा, त्यातल्या बेंझाल्डिहाइड नावाच्या घटकाचा. अर्धा चहाचा चमचा बास, त्याच्या वर गेलात तर औषधासारखं लागतं.

पेस्ट्री: मोहन माहीत आहे ना, मग निम्मं काम झालं

करंजी किंवा शंकरपाळे करणाऱ्या हातांना हे नवीन नाही. फरक एवढाच की तिथे आपण मोहन कडकडीत गरम घालतो आणि इथे बटर फ्रीजमधून काढलेलं, गारच पाहिजे. १ नंबरचं पाकीट परातीत ओता, १०० ग्रॅम बटरचे बारीक तुकडे करून टाका आणि बोटांच्या टोकांनी चोळा. तळहात लावू नका, तळहात गरम असतो आणि बटर वितळायला लागतं. रव्यासारखं दिसायला लागलं की मूठ दाबून बघा, मुटका बांधला गेला आणि बोट लावल्यावर फुटला की मोहन बरोबर. काही वाटाण्याएवढे बटरचे तुकडे राहिले तर राहू द्या, ओव्हनमध्ये ते विरघळून तिथे जागा होते आणि त्यानेच पेस्ट्री खुसखुशीत होते. मग एका अंड्याचा फक्त बलक आणि दोन मोठे चमचे गार पाणी घालून सुरीने कालवा, हाताने फक्त गोळा करा. पांढरं टाकू नका, ते वाटीत झाकून ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि मळू नका! हे आम्हाला मोठ्या अक्षरात छापायचं होतं. चपातीची कणीक आपण मळमळून लवचिक करतो, इथे तेवढंच टाळायचंय, कारण मळलं की ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या पिठातला चिवट, ताणला जाणारा भाग, तयार होतं आणि मग पेस्ट्री ओव्हनमध्ये आक्रसते, कडा खाली घसरतात. गोळा चपटा करून, गुंडाळून अर्धा तास फ्रीजमध्ये. मग दोन बेकिंग पेपरच्या मधे ठेवून लाटा, साधारण ३ मिलिमीटर जाड, पोलपाटावर मावणार नाही तेव्हा ओट्यावरच लाटा. टिनमध्ये बसवताना ओढू नका, उचलून कोपऱ्यात सोडा, बाहेर लोंबलेली कड आत्ता कापू नका. काट्याने तळाला टोचे मारा आणि परत वीस मिनिटं फ्रीज. कंटाळवाणं वाटतं कबूल आहे, पण घाईत हा दुसरा फ्रीज गाळला की कडा बसतात.

तळ आधी भाजून घेणं

याला ब्लाइंड बेकिंग म्हणतात. ओव्हन २०० डिग्रीला, फॅन असेल तर १८०, गॅस असेल तर ६ नंबर. ओव्हन तापवतानाच आत एक जाड बेकिंग ट्रे रिकामा ठेवा, तो तापला की टिन त्याच्यावर ठेवायचा, म्हणजे खालून लगेच धग लागते, तवा तापवून मगच भाकरी टाकतो ना तसं. पेस्ट्रीवर चुरगळून मऊ केलेला बेकिंग पेपर, त्यावर वजन. त्यासाठी विकतचे चिनी मातीचे गोळे मिळतात, पण घरातले जुने राजमा, छोले किंवा तांदूळ तितकंच काम करतात, फक्त ते नंतर शिजवायचे नाहीत, बरणीत ठेवून पुढच्या टार्टला परत वापरा. कडांपर्यंत भरा, नुसते मधे ढीग करू नका. १५ मिनिटांनी कागद आणि वजन काढा, अजून ५ ते ७ मिनिटं उघडं भाजा. तळ हलका बिस्किटी रंगाचा आणि हाताला कोरडा लागला पाहिजे. ओलसर चमक दिसतेय तोवर तो झालेला नाही, अजून दोन मिनिटं द्या.

आता ते बाजूला ठेवलेलं अंड्याचं पांढरं. थोडं फेटून तळावर ब्रशने पातळ हात फिरवा आणि दोन मिनिटं परत आत. ते शिजून पातळ पापुद्रा होतो आणि जॅमचं पाणी खाली जायला अडतं. आमच्या मते या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा कशानेच नाही. कडेची जास्तीची पेस्ट्री आता सुरीने तासून काढा, आणि ते तुकडे खाऊन टाका, ते करणाऱ्याचे असतात.

भरणं आणि भाजणं

ओव्हन १८० वर आणा, फॅनला १६०, गॅसला ४. १२५ ग्रॅम बटर मात्र इथे मऊ पाहिजे, बोट सहज रुतेल इतकं. ते २ नंबरच्या साखरेबरोबर फिकं होईपर्यंत फेटा, मग उरलेली दोन अंडी एक-एक करून, एक्स्ट्रॅक्ट, आणि शेवटी ३ नंबरचं पाकीट हलक्या हाताने. अंडी फ्रीजमधली गार असतील तर मिश्रण फाटल्यासारखं दिसतं, घाबरू नका, एक चमचा बदामपूड आधी घातली की सावरतं.

तळ थोडा गार झाला की चार मोठे चमचे जॅम, साधारण १०० ग्रॅम, पसरा. बरणीत थोडा उरेल तो ब्रेडला लावा, सगळा ओतायचा मोह आवरा, जॅम जास्त म्हणजे पाणी जास्त. फ्रँजिपेन आधी कडेने चमच्या-चमच्याने टाकून भिंतीला चिकटवा आणि मग मध्याकडे आणा, म्हणजे जॅम कोंडला जातो, नाहीतर कडेने उकळून वर येतो आणि टिनला करपून चिकटतो. वर बदामाचे काप. त्याच तापलेल्या ट्रेवर ३५ मिनिटं. पंचविसाव्या मिनिटाला डोकावून बघा, बदाम लाल व्हायला लागले असतील तर वर फॉइल सैल टाका. मधे बोटाने दाबलं की वर उसळलं पाहिजे आणि काडी कोरडी आली पाहिजे, काडीला जॅम लागला तर तो कच्चेपणा नाही.

अंडं न खाणाऱ्यांसाठी

बलकाऐवजी पेस्ट्रीत एक चमचा जास्तीचं पाणी. फ्रँजिपेनमध्ये दोन अंड्यांऐवजी १०० ग्रॅम घट्ट दही आणि अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर, भाजायला पाच-सात मिनिटं जास्त. सारण थोडं ओलसर होतं, चवीला छानच. तळावर पांढरं लावता येत नाही तेव्हा जॅमच्या आधी एक मोठा चमचा बारीक रवा भुरभुरा, तो ओल शोषून घेतो. अंडं घालणाऱ्यांनीही हे करायला हरकत नाही. विकतची तयार पेस्ट्री घेणार असाल तर घटक वाचा, काहींमध्ये लार्ड म्हणजे डुकराची चरबी असते. आणि लाल चेरीवर ई १२० लिहिलंय का बघा, तो रंग किड्यांपासून काढतात, शाकाहारी घरात हे माहीत असलेलं बरं.

चेरी बेकवेलसारखं हवं असेल तर बदामाचे काप न घालता भाजा, पूर्ण गार होऊ द्या, १५० ग्रॅम आयसिंग शुगरमध्ये जेमतेम दीड-दोन मोठे चमचे पाणी घालून घट्ट पसरा आणि वर चेऱ्या. गरम टार्टवर आयसिंग घातलंत तर ते वितळून वाहून जाईल.

हवाबंद डब्यात बाहेरच तीन दिवस राहतं. फ्रीजमध्ये पेस्ट्री मऊ पडते म्हणून शक्यतो नको. आयसिंग नसलेलं टार्ट महिनाभर फ्रीझ करता येतं, मग ओव्हनमध्येच गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये नाही. इथे लोक कोमट करून पातळ कस्टर्ड किंवा क्रीमबरोबर खातात, आम्हाला दुपारच्या चहाबरोबर नुसतंच आवडतं.

टिनमधून काढायला पंधरा मिनिटं थांबा, मग टिन एखाद्या उलट्या वाटीवर ठेवा, कडं आपोआप खाली उतरतं. तळाच्या पत्र्यावरून सुरी सरकवून टार्ट जाळीवर घ्या आणि खालून नखाने टिचकी मारून बघा, टक् असा कोरडा आवाज यायला हवा. आलाच नाही तर आम्हाला जरूर कळवा, आणि फोटो पाठवाल तेव्हा वरून काढलेला नको, तुकडा उलटा करून खालच्या बाजूचा पाठवा, त्यावरून आम्ही सांगू शकतो कुठे कमी पडलं ते.