चाळीस पत्रिका आणि एक रुपयाचं नाणं

समजा, तुमच्यासमोर चाळीस जन्मपत्रिकांचा गठ्ठा ठेवला आहे. पत्रिकेवर नाव नाही, आईवडिलांचा पत्ता नाही. फक्त एक क्रमांक आणि बारा घरांची कुंडली. यातली काही मुलं शाळेत अतिशय हुशार म्हणून ओळखली जातात आणि बाकीच्यांना बौद्धिक अक्षमता आहे. प्रत्येक पत्रिका पाहून तुम्ही एवढंच सांगायचं की हे मूल पहिल्या गटातलं की दुसऱ्या.

२००८ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या ज्योतिषांपुढे हाच प्रश्न ठेवला गेला होता. ठेवणारे चौघे होते: खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः ज्योतिष केलेले प्रकाश घाटपांडे. शंभर हुशार मुलं आणि बौद्धिक अक्षमता असलेली शंभर मुलं यांच्या जन्मवेळा गोळा करून दोनशे पत्रिका मांडल्या गेल्या. एकावन्न ज्योतिषांनी तयारी दाखवली. प्रत्येकाला या दोनशेतून चिठ्ठ्या उचलाव्यात तशा निवडलेल्या चाळीस पत्रिका पाठवल्या. सत्तावीस जणांनी उत्तरं परत पाठवली. एका ज्योतिष संस्थेने तर दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासून दिल्या.

२००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात या प्रयोगावरचा लेख छापून आला. चाळीसपैकी सर्वांत जास्त बरोबर उत्तरं आली ती २४, एकाच ज्योतिषाची. त्याच्या खाली दोघांची २२. सगळ्यांची सरासरी निम्म्याच्या थोडी खालीच राहिली. संस्थेची दोनशेपैकी १०२ उत्तरं बरोबर निघाली.

आता त्या चोवीसकडे पाहू. चाळीसात चोवीस म्हणजे साठ टक्के. आपल्याकडे साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास म्हणतात. मग या ज्योतिषाला काही तरी कळतं असं म्हणायचं का?

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ज्याला 'परिकल्पना चाचणी' म्हणतात, ती या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच आहे. मी हा विषय शिकवतो, आणि मुलांची अडचण दर वर्षी तीच असते. सूत्र पाठ असतं, कोष्टकात आकडा शोधता येतो, शेवटी 'परिकल्पना नाकारली' असं लिहून खाली दोन रेघाही मारता येतात. पण नाकारलं म्हणजे नेमकं काय केलं, हे विचारलं की वर्ग गप्प होतो. दोष मुलांचा नाही. आपण त्यांना सूत्र आधी देतो आणि प्रश्न मागून. म्हणून मी हल्ली पत्रिकांपासून सुरुवात करतो, आणि खिशातून रुपयाचं नाणं काढतो.

पत्रिकेकडे ढुंकूनही न पाहता, नुसतं नाणं उडवून उत्तरं लिहिणारा एक माणूस डोळ्यांसमोर आणा. छापा पडला की 'हुशार', काटा पडला की दुसरा गट. याला किती गुण मिळतील? 'वीस' हे उत्तर पटकन येतं, पण ते पुरं नाही. घरी करून बघा. नाणं चाळीस वेळा उडवा आणि वहीवर चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असं मोजत जा. बरोबर वीस छापे पडण्याची शक्यता जेमतेम साडेबारा टक्के आहे, म्हणजे आठ वेळा हा खेळ केला तर सरासरी एकदा. उरलेल्या वेळी कधी अठरा पडतील, कधी तेवीस. गणित मांडलं तर सोळा ते चोवीस या पट्ट्यात नाणं सुमारे ८५ टक्के वेळा राहतं. त्या पट्ट्याबाहेर जाणं अशक्य नाही, पण पुढे जावं तसं ते झपाट्याने दुर्मीळ होत जातं. चोवीस किंवा जास्त छापे शंभरात तेरा वेळा. सव्वीस किंवा जास्त, शंभरात चार वेळा. अठ्ठावीस किंवा जास्त, शंभरात एकदाही नाही; हजारात आठ वेळा.

चाचणीचा गाभा एवढाच आहे. ज्योतिषाची तुलना आपण सर्वज्ञ माणसाशी करत नाही, नाण्याशी करतो. 'इथे अंदाजापलीकडे काहीच चाललेलं नाही' हे क्षणभर खरं मानायचं. याला शून्य परिकल्पना म्हणतात. मग विचारायचं: असं असतं तर आपल्याला दिसलं तेवढं किंवा त्याहून जास्त यश कितीदा दिसलं असतं? या उत्तराला पी-मूल्य म्हणतात. आपल्या चोवीस गुणांच्या ज्योतिषाचं पी-मूल्य ०.१३ आहे. नाण्यालाही जे शंभरात तेरा वेळा जमतं, त्यावरून माणसाच्या अंगी विद्या आहे असं ठरवता येत नाही.

हा विचार रूढ केला तो ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी, आणि त्यांचं गाजलेलं उदाहरण चहाचं आहे. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शैवालतज्ज्ञ होत्या. कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येतं असं त्यांचं म्हणणं. १९३५ च्या आपल्या पुस्तकात फिशर यांनी या दाव्याची चाचणी मांडून दाखवली आहे, बाईंचं नाव न घेता. आठ कप, चार एका प्रकारचे, चार दुसऱ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात, म्हणून निव्वळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. पण चारांपैकी तीनच कप बरोबर ओळखले तर? 'निदान तीन' अंदाजानेही सत्तरात सतरा वेळा जमतात. एक कप चुकला की पुरावा एवढा पातळ होतो! म्हणून कप किती ठेवायचे हे चव घेण्याआधी ठरवावं लागतं.

'आधी' या शब्दावर मला जरा थांबायचं आहे, कारण व्यवहारात सगळं बिघडतं ते इथेच. किती गुण मिळाले तर दावा मान्य करायचा, ती रेघ निकाल पाहण्याआधी ओढावी लागते. पाच टक्क्यांची रेघ घेण्याचा प्रघात आहे, आणि तोही फिशर यांच्यापासूनचा. आपल्या चाळीस पत्रिकांसाठी ती सव्वीसवर येते. ती कोणी आकाशातून पडलेली नाही. चुकून हुरळून जायचा धोका किती पत्करायचा याचा तो माणसांनी केलेला करार आहे. निकाल हातात आल्यावर 'बुद्धी पत्रिकेत दिसतच नाही, विवाहयोग मात्र दिसतो' असं म्हटलं, की ती दुसरी परीक्षा झाली. ती घ्यायला हरकत नाही, पण नव्या पत्रिका घेऊन.

आणखी एक अडचण आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. परीक्षा एकाने दिलेली नाही, सत्तावीस जणांनी दिली आहे. वर्गातल्या सत्तावीस मुलांना मी प्रत्येकी चाळीस वेळा नाणं उडवायला सांगतो. पाचेक मिनिटं वर्गात नाण्यांचा नुसता खणखणाट असतो. मग फळ्यावर सगळ्यांचे आकडे लिहून सर्वांत मोठ्या आकड्याभोवती गोल करतो. हिशेब सांगतो की सत्तावीस जणांत कोणाला तरी चोवीस किंवा जास्त मिळण्याची शक्यता ९८ टक्के आहे. म्हणजे चोवीसवाला ज्योतिषी सापडला यात नवल नाही. तो सापडला नसता तर नवल होतं. सव्वीसची रेघही अशा गर्दीत पुरत नाही. प्रत्येक जण नाणंच उडवत असला, तरी निदान एक जण ती ओलांडेल याची शक्यता तीनात दोन आहे. अठ्ठावीसवर रेघ ओढली तरीही पाचात एक उरते.

गोल केलेल्या आकड्याच्या मुलाला वर्ग टाळ्या देतो, आणि त्या मुलाचा चेहरा खरंच उजळतो. मला तो क्षण फार मोलाचा वाटतो. नाणं उडवण्यात कौशल्य नाही हे सगळ्यांना ठाऊक असूनही, पहिला आला म्हटलं की मन त्याला काही तरी श्रेय द्यायला बघतं. शेअर बाजारात लागोपाठ चार वर्षं अचूक सांगणारा सल्लागार भेटतो तेव्हा हेच होतं. तो किती जणांच्या गर्दीतून वर आला, हे आपल्याला कोणी सांगत नाही.

याच कारणाने पी-मूल्याचा एक चुकीचा अर्थ टाळायला हवा. ०.०४ पी-मूल्य म्हणजे 'हा माणूस अंदाज करतोय याची शक्यता चार टक्के' असं नव्हे. हजार माणसं घ्या, सगळीच नाणं उडवणारी. त्यातली चाळीसेक जण सव्वीसची रेघ ओलांडतील, आणि ती चाळीसच्या चाळीस अंदाज करणारीच असतील. त्यांच्याबाबत ती शक्यता चार नाही, शंभर टक्के आहे. अंदाज चालला असेल तर असा निकाल कितीदा दिसेल, एवढंच पी-मूल्य सांगतं. असा निकाल दिसला, तर अंदाज असण्याची शक्यता किती, हा उलट दिशेचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर द्यायला त्या हजारांत खरे जाणकार मुळात किती होते याचा काही अंदाज आधी हाताशी लागतो. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग ज्यांनी उभारला ते कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीस यांचे विद्यार्थी होते. हा दुसरा प्रश्नच विचारायला हवा म्हणून फिशर यांच्याशी उघड वाद घातलेले हेच ते जेफ्रीस. पहिल्या वर्षाच्या पुस्तकांत या वादाचा मागमूस नसतो, याची मला खंत वाटते. मुलांना वाटतं, पी-मूल्य म्हणजे शेवटचा शब्द.

आता उलट बाजू. रेघ ओलांडली नाही म्हणजे 'ज्योतिष खोटं' हे सिद्ध झालं का? नाही, आणि इथे प्रामाणिक राहायला हवं. शून्य परिकल्पना नाकारता आली नाही, एवढंच आपण म्हणू शकतो. समजा एखाद्याला खरोखरच साठ टक्के पत्रिका ओळखता येतात. चाळीस पत्रिकांच्या परीक्षेत तो सव्वीसची रेघ साधारण तीनात एकदाच ओलांडेल. दोनदा तो खरा असूनही आपल्या हातून निसटेल. असलेलं न दिसणं ही दुसऱ्या जातीची चूक. दोन्ही चुकांचा हिशेब एकत्र मांडायला हवा, हे येर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं.

म्हणूनच मला त्या सत्तावीस जणांपेक्षा संस्थेचा निकाल वजनदार वाटतो. दोनशे पत्रिकांची चाळण बारीक छिद्रांची आहे. तिथे पाच टक्क्यांची रेघ ११३ वर येते, आणि साठ टक्के जाण असलेला माणूस ती ८५ टक्क्यांहून जास्त वेळा ओलांडेल. म्हणजे एवढी जाण असती तर ती इथे बहुधा दिसली असती. मिळाले १०२. नुसतं नाणं उडवूनही १०२ किंवा जास्त गुण शंभरात एकेचाळीस-बेचाळीस वेळा मिळतात.

एक प्रश्न तरीही उरतो. एकावन्नांपैकी चोवीस जणांनी उत्तरं पाठवलीच नाहीत. ते जाणकार होते की पत्रिका पाहून कचरले, हे कोणत्याही सूत्रातून निघत नाही. आलेल्या उत्तरांवरून न आलेल्यांबद्दल बोलायचं नाही, एवढं पथ्य मात्र पाळता येतं.

दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. या माणसांनी ज्योतिषांना वादात हरवायचा प्रयत्न केला नाही. त्यांच्यापुढे एक न्याय्य परीक्षा ठेवली, जिच्यात ते जिंकूही शकले असते. हे मुलांना सांगताना माझा आवाज दर वेळी थोडा बदलतो.

तास संपताना एखादी मुलगी हमखास विचारते, "सर, पण तो चोवीसवाला? त्याला थोडं तरी येत असलं तर?" प्रश्न अगदी योग्य आहे. गर्दीतून निवडून काढलेल्या माणसाला त्याच जुन्या गुणांवर जोखता येत नाही. त्याला एकट्याला बोलवायचं आणि नव्या चाळीस पत्रिका द्यायच्या. आता गर्दी नाही, सत्तावीस नाहीत, तो एकटाच आहे. तो नाणंच उडवत असेल तर पुन्हा चोवीस किंवा जास्त गुण मिळण्याची शक्यता तेरा टक्के. आणि मिळालेच, तर आणखी चाळीस.