यंत्राच्या पोटातला पट

कृती करण्याआधी तिचा परिणाम जगाच्या मनातल्या छोट्या प्रतिकृतीवर, म्हणजे आजच्या भाषेत ‘वर्ल्ड मॉडेल’वर, पडताळून पाहायचा, ही कल्पना १९४३ सालच्या एका ब्रिटिश पुस्तकात आढळते. पुढे रोबोंसाठी जगाच्या अशा प्रतिकृती माणसांनी हातानं लिहिल्या. १९९० च्या सुमारास त्या न्यूरल नेटवर्कनं (उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामनं) स्वतःच शिकाव्यात, असे प्रयत्न सुरू झाले.

खरी गंमत २०१८ ची. एका नेटवर्कनं ‘डूम’ या राक्षसांशी लढायच्या व्हिडिओ गेमवर आधारलेल्या गेमची दृश्यं पाहून पुढं काय घडेल याचा अंदाज बांधायला शिकून घेतलं आणि त्या कल्पित गेममध्येच खेळाडू-प्रोग्रामचा सराव झाला. पठ्ठ्यानं तिथंही पळवाट काढली: असा हलायचा की कल्पनेतले राक्षस आगीचे गोळे फेकायचेच नाहीत! कल्पित गेममधली अनिश्चितता वाढवली, तेव्हा कुठं तो सराव खऱ्या गेममध्ये उपयोगी पडला.

मजकुरातला पुढचा शब्द ओळखायला शिकणाऱ्या भाषा-मॉडेलांच्या आत जगाचं असं चित्र असतं, की ती नुसती पोपटपंची करतात? हा वाद मात्र ऑथेलोवर, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्या उलटवायच्या पटावरच्या खेळावर, पेटला. २०२२ मध्ये अशा एका मॉडेलला फक्त या खेळातल्या चालींच्या याद्या दिल्या. ६४ घरांचा पट किंवा नियम कधीच दाखवले नाहीत. तरी ते जवळपास बिनचूक वैध चाली सुचवू लागलं. मग त्याच्या आतले आकडे वाचून कुठल्या घरात कुठली सोंगटी आहे, हे ओळखणारा छोटा प्रोग्राम बनवला. साध्या प्रोग्रामला ते नीट जमलं नाही, गुंतागुंतीच्याला जमलं. इथंच टीकाकारांनी पकडलं: पट मॉडेलच्या आत आहे, की वाचणाऱ्यानंच तो रचला? संशोधकांनी आतल्या आकड्यांत एक सोंगटी उलटवली होती, आणि मॉडेलच्या चाली त्या बदललेल्या पटाप्रमाणे बदलल्या होत्या. एवढ्यावर शंका मिटायला हवी होती, असं मला वाटतं. २०२३ मध्ये काळी-पांढरीऐवजी ‘ज्याची चाल त्याची की समोरच्याची’ असं विचारलं, तेव्हा साध्या प्रोग्रामलाही पट वाचता आला. मॉडेल आळीपाळीनं दोन्ही बाजू खेळत होतं, त्यामुळे त्याची मांडणीच तशी होती.

पण ऑथेलोचा पट छोटा, नियम पक्के; खरं जग तसं नसतं. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातल्या टॅक्सीमार्गांवर शिकवलेलं मॉडेल वळणं जवळजवळ अचूक सांगत होतं. त्याच्या उत्तरांवरून नकाशा उभा केला, तर त्यात अस्तित्वातच नसलेले रस्ते निघाले. अवघे १ टक्का रस्ते बंद केल्यावर अचूकता ६७ टक्क्यांवर घसरली.