श्रीमंती मोजायची कशी आणि ती तब्येतीत कुठे दिसते

गरीब माणसं जास्त आजारी पडतात आणि लवकर जातात, यात नवीन काय असं कोणीही म्हणेल. पण हेच आकड्यांत दाखवायला बसलं की पहिल्याच पायरीवर अडतं, कारण गरीब म्हणजे नक्की कोण हे आधी ठरवावं लागतं. ताप मोजायला थर्मामीटर आहे, माणसाची सामाजिक-आर्थिक पातळी मोजायला तसं काहीच नाही.

सगळ्यात आधी सुचतो तो प्रश्न म्हणजे पगार किती. आणि माझ्या मते सर्व्हेतला सगळ्यात बेभरवशाचा प्रश्न हाच. लोक उत्तर द्यायचं टाळतात, कमी सांगतात, शेती किंवा रोजंदारी असेल तर महिन्यामहिन्याला आकडा बदलतो, आणि शिवाय तेवढ्याच पैशात दोघं राहतात की आठजण हेही बघावंच लागतं.

शिक्षण त्यामानाने सोपं, कोणी फारसं लपवत नाही. आणि त्याचा एक मोठा फायदा असा की ते बहुतेकांचं पंचविशीच्या आत संपतं, म्हणजे पन्नाशीत हार्टचा त्रास सुरू झाला म्हणून कोणाची डिग्री कमी होत नाही. पगार मात्र आजारपणाने खरोखर कमी होतो, नोकरी जाते, औषधांत साठवलेलं संपतं, मग गरिबीमुळे आजार आला की आजारामुळे गरिबी आली हे सोडवणं अवघड होऊन बसतं. शिक्षणाची अडचण वेगळी. आजोबांच्या काळातली दहावी आणि आताची दहावी एकाच रकान्यात टाकली की गडबड होते.

तिसरी पट्टी कामधंद्याची. ब्रिटनमध्ये १९११ च्या जनगणनेच्या निमित्ताने धंद्यावरून वर्ग पाडायला सुरुवात झाली. यात रिटायर झालेले कुठे बसवायचे, बेकार कुठे, हा घोळ होताच, आणि लग्न झालेल्या बाईचा वर्ग कित्येक वर्षं सरळ नवऱ्याच्या नोकरीवरून लावायचे (तिची स्वतःची नोकरी असली तरी!).

तरीपण कामधंद्याच्याच पट्टीने या विषयातला सगळ्यात गाजलेला अभ्यास झाला. व्हाइटहॉल नावाचा, १९६७ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेला, साधारण १८ हजार पुरुष, सगळे सरकारी नोकरीतले. यात उपाशी कोणी नव्हतं, बेघर कोणी नव्हतं, सगळ्यांना ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा फुकट. आणि तरी १० वर्षांत सगळ्यात खालच्या ग्रेडमधल्यांचा मृत्युदर सगळ्यात वरच्यांच्या जवळपास तिप्पट निघाला. मला यातली खरी धक्कादायक गोष्ट तिप्पट ही नाही वाटत, तर मधल्या ग्रेड. वरून दुसऱ्या नंबरची माणसं, चांगल्या पगाराची, तीही पहिल्या नंबरवाल्यांपेक्षा जास्त मरत होती. खालचे सिगारेटी जास्त ओढायचे हे खरं, पण सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं हिशोबात धरूनही बराचसा फरक उरलाच. मग कामावर स्वतःच्या हातात किती आहे, सतत ताण किती आहे अशा गोष्टींकडे संशोधक वळले, त्यावर वाद अजून चालू आहेत.

जिथे पगाराच्या स्लिपाच नाहीत तिथे काय करायचं? तिथे घरातल्या वस्तू मोजतात. फ्रिज आहे का, गाडी आहे का, जमीन मातीची की फरशी, पाणी कुठून येतं, संडास कसा आहे. फिल्मर आणि प्रिचेट या दोन अर्थतज्ज्ञांनी २००१ मध्ये भारताचाच डेटा घेऊन दाखवलं की अशा यादीतून एक बरा निर्देशांक (म्हणजे घराच्या श्रीमंतीचा एकच आकडा) बनतो, आणि मग घरांचे पाच भाग पाडून सगळ्यात गरीब पंचमांश आणि सगळ्यात श्रीमंत पंचमांश यांची तुलना करता येते. आयडिया भारीच आहे, पण यात एक गंमत लपलीये. संडास आणि पाणी हे निर्देशांकात घातलं आणि मग त्याच निर्देशांकाने मुलांचे जुलाब तपासले, तर थोडाफार संबंध आपण आधीच आत भरून ठेवलेला असतो!

मग नुसते पैसे दिले तर तब्येत सुधारते का? स्वीडनमध्ये लॉटरी लागलेल्यांचा मोठा अभ्यास २०१६ मध्ये आला आणि मोठ्या माणसांच्या मृत्युदरात त्या पैशाने काही खास फरक दिसला नाही. यावरून पैशाचा काही उपयोगच नाही असं म्हणणं घाईचं होईल, कारण तो देश आधीच सगळ्यांना उपचार देतो, आणि बालपणात जे कमी पडलं ते चाळिशीतल्या लॉटरीने भरून निघेलच असं नाही.

आणि गरीब-श्रीमंतांच्या तब्येतीतली दरी वाढली की कमी झाली यातही मेख आहेच. समजा गरीब घरांत हजारी १०० मुलं दगावत होती, श्रीमंत घरांत ५०. काही वर्षांनी ते ६० आणि २० वर आलं. वजाबाकी केली तर फरक ५० वरून ४० झाला, म्हणजे कमी झाला. भागाकार केला तर दुप्पट होतं ते तिप्पट झालं, म्हणजे वाढला. दोन्ही बरोबर आहे, त्यामुळे सरकारवाले वजाबाकी छापतात आणि विरोधक भागाकार, आणि मी बातमीत एकच आकडा दिसला की दुसरा कॅल्क्युलेटरवर काढून बघतो.