गरम इंजिनाला थंडी कशी वाजते?

‘डॅशबोर्डवरचा काटा मधोमध आहे ना, मग टेम्परेचर सेन्सर ठणठणीत आहे’ हा समज जुन्या गाड्यांच्या मालकांत फार पक्का रुजलेला असतो. पण जुन्या फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत इंजिनावर असे दोन सेन्सर जवळजवळ बसवलेले सापडतात. एका वायरचा असतो तो काट्यापुरता. दोन पिनांचा असतो तो ईसीयूचा, म्हणजे पेट्रोल किती फवारायचं हे ठरवणाऱ्या संगणकाचा. काटा पहिल्याचं ऐकतो, पेट्रोलचा हिशेब दुसऱ्यावर चालतो. त्यामुळे काटा झकास आणि सायलेन्सरमधून काळा धूर, हे दोन्ही एकाच वेळी खुशाल घडतं.

थंड इंजिनात पेट्रोलची धड वाफ होत नाही, म्हणून ईसीयू तेव्हा सढळ हाताने पेट्रोल सोडतो आणि इंजिन तापलं की हात आखडता घेतो. तापलं की नाही हे त्याला या दुसऱ्या सेन्सरकडूनच कळतं. आता गंमत अशी की सेन्सरला तापमान कळतच नाही. त्याच्या पितळी टोकाच्या आत धातूंच्या ऑक्साइडचा एक इवलासा तुकडा असतो, थर्मिस्टर. त्याचा फक्त विद्युतरोध बदलतो, आणि तोही उलटा.

तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, हे शाळेत झालेलं असतं. अणू जास्त थरथरतात आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांची वाट अडते. मायकेल फॅरडेला १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये याच्या नेमकं उलट दिसलं: उष्णतेने वीज अधिक सहज वाहू लागली. थर्मिस्टर याच उलट्या जातीचा. तो बहुधा मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांची ऑक्साइडं भट्टीत भाजून बनवतात. यात मोकळे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतातच. काही मँगनीज आयनांवर तीन धनप्रभार असतात, काहींवर चार. तीनवाल्याकडे एक इलेक्ट्रॉन जास्त, तो शेजारच्या चारवाल्याकडे उडी मारू शकतो. ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे जावं तसा वीजप्रवाह असा उड्या मारतच पुढे सरकतो. पण इलेक्ट्रॉन जिथे बसतो तिथले आजूबाजूचे अणू थोडे सरकून त्याला खळगा करून देतात, आणि त्या खळग्यातून निघायला ऊर्जा लागते, साधारण ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. खोलीच्या तापमानाला उष्णतेच्या ऊर्जेचं माप असतं ०.०२५च्या आसपास, म्हणजे गरजेच्या बाराव्या हिश्शाएवढं. तेव्हा अणूंच्या थरथरीत एखादा अनुकूल क्षण आला तरच उडी साधते. असे क्षण तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाहीत, घातांकाने वाढतात. म्हणून रोधही घातांकाने कोसळतो. नेहमी आढळणाऱ्या एका प्रकारात ० अंश सेल्सिअसला सुमारे ६००० ओहम, २० अंशांना २५००, आणि ९० अंशांना जेमतेम २५०.

हे आकडे लक्षात ठेवा, कारण गॅरेजमधले निम्मे घोळ त्यांच्यात दडलेले आहेत. समजा कनेक्टरची पिन गंजली आणि वाटेत २५० ओहमचा फुकटचा रोध आला. सकाळी २० अंशांना २५००चे २७५० झाले, ईसीयूला वाटतं १८ अंश. कोणाच्या लक्षातही येणार नाही. इंजिन ९० अंशांवर आलं की मात्र २५०चे थेट ५०० होतात, आणि ५०० ओहम म्हणजे ६५ अंश! गंज तोच, पण थंडीत चूक दोन अंशांची आणि गरम झाल्यावर पंचवीस अंशांची. वायर पूर्ण तुटली तर वाचन उणे ४०च्या आसपास जातं, ते अशक्य आहे हे ईसीयू ओळखतो आणि डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लावतो. ६५ अंश अशक्य नाहीत. जुना ईसीयू निमूटपणे विश्वास ठेवतो आणि थोडं जास्त पेट्रोल सोडत राहतो.

इंटरनेटवर ‘पॉवर वाढवणाऱ्या चिप’ म्हणून ज्या डब्या विकल्या जातात, त्यांतल्या कित्येकांत हाच गंज विकत मिळतो. आत एक साधा रेझिस्टर. तो आत येणाऱ्या हवेच्या सेन्सरला जोडायचा, मग ईसीयूला हवा थंड वाटते आणि तो पेट्रोल वाढवतो. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत गार करणारं पाणी अडवून धरणारी झडप, काढून टाकला की इंजिन ‘कूल’ राहून जास्त टिकतं, ही श्रद्धाही त्याच माळेतली. सतत थंड चालणारं इंजिन जास्त झिजतं आणि जास्त पितं.

तेव्हा नवा सेन्सर आणण्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. कनेक्टर काढून सेन्सरच्या दोन पिनांमधला रोध इंजिन थंड असताना मोजा आणि तापल्यावर पुन्हा मोजा. गाडीच्या मॅन्युअलमधल्या तक्त्याशी तो दोन्ही वेळा जुळला तर सेन्सर निर्दोष आहे. पिना घासा, वायरिंग तपासा.

बदलायचाच ठरला तर काम सोपं आहे, पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. रेडिएटरच्या झाकणामागे दाब असतो, त्यामुळे कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, १०० अंशांच्या वरही न उकळता थांबलेला असतो. झाकण उघडलं की दाब जातो आणि तो उसळून अंगावर येतो. वॉशर किंवा ओ-रिंग नवी घाला. एका वायरच्या सेन्सरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्याचं अर्थिंग त्या आट्यांतूनच होतं. शेवटी कूलंट भरून आतली हवा काढा. सेन्सरचं टोक हवेच्या बुडबुड्यात राहिलं तर त्याला उष्णता नीट पोचत नाही, आणि इंजिन उकळत असतानाही आकडा कमीच दिसतो.