वेब ॲप्लिकेशनची गती आणि फ्रेमवर्क

फ्रेमवर्कच्या (नेहमी लागणारा कोड तयार देणाऱ्या सांगाड्याच्या) आधाराने बांधलेले वेब ॲप्लिकेशन जलद चालावे म्हणून त्याच्या रचनेत करावयाच्या सुधारणांना या नोंदीत गती-सुधारणा म्हटले आहे. रेल्स (२००४), जँगो (२००५), लाराव्हेल (२०११) यांसारख्या फ्रेमवर्कमुळे लॉगिन, फॉर्म, डेटाबेसशी देवाणघेवाण ही कामे आयती मिळतात. या सोयीमुळेच कोडच्या एका ओळीमागे किती काम घडते ते झाकले जाते. ॲप्लिकेशन संथ झाले की खापर फ्रेमवर्कवर फुटते. मोजून पाहिले तर बहुतेक वेळ खेपांमध्ये गेलेला आढळतो. एक खेप फोनपासून सर्व्हरपर्यंतची, दुसरी सर्व्हरपासून डेटाबेसपर्यंतची.

दुसऱ्या प्रकारातला सर्वांत सामान्य दोष ‘एन अधिक एक’ क्वेरी या नावाने ओळखला जातो; क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. समजा, गिरगावातल्या एखाद्या वाचनालयाची यादी दाखवायची आहे: पानावर ५० पुस्तके, प्रत्येकासमोर लेखकाचे नाव. पुस्तकांसाठी एक क्वेरी जाते आणि मग लूपमध्ये (तेच काम पुन्हापुन्हा करणाऱ्या कोडमध्ये) प्रत्येक लेखकासाठी एकेक, म्हणजे एकूण ५१. कोड वाचताना यात काहीच वावगे दिसत नाही. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर डेटाबेस त्याच यंत्रात असतो आणि चाचणीसाठी भरलेली पुस्तके पाच-सहा, त्यामुळे दोष तिथे जाणवतही नाही. उपाय मात्र एका शब्दाचा आहे. जँगोत ‘सिलेक्ट रिलेटेड’ लेखकाची माहिती त्याच क्वेरीत जोडून आणते, ‘प्रीफेच रिलेटेड’ दुसऱ्या एका क्वेरीत सगळी एकदम आणते. लाराव्हेलमध्ये हेच काम ‘विथ’ करते, रेल्समध्ये ‘इन्क्लूड्स’. पानामागे किती क्वेरी गेल्या हे दाखवणारा डीबग टूलबार नव्या प्रकल्पात पहिल्याच दिवशी बसवावा. इंडेक्स (डेटाबेसमधली शोधसूची), कॅशे (तयार उत्तरांचा हाताशी ठेवलेला साठा), मोठा सर्व्हर हे सगळे त्यानंतरचे.

खेपेची किंमत अंतरावर ठरते. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद, आणि समुद्रातल्या केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात अधिकच. वरची यादी दाखवणारा सर्व्हर मुंबईत आणि डेटाबेस सिंगापुरात असेल, तर ५१ खेपांना किमान दोन सेकंद लागतात. क्वेरी दोनच केल्या, तर याच किमान हिशेबाने सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. भाड्याने सर्व्हर देणाऱ्या ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने जून २०१६ मध्ये मुंबईत आपला विभाग (डेटा सेंटरांचा समूह) सुरू केला, गुगल क्लाउडने २०१७ मध्ये. त्यामुळे इथल्या वापरकर्त्यांसाठी सर्व्हर आणि डेटाबेस दोन्ही शहराजवळ ठेवणे आता अवघड राहिलेले नाही. ते दोन्ही एकाच विभागात असावेत, ही अट सहसा मोडू नये.

फोनच्या बाजूच्या खेपाही कमी करता येतात. सुरक्षित जोडणी जुळवण्यासाठी टीएलएस या सांकेतिक संवादपद्धतीच्या १.२ आवृत्तीत दोन खेपा लागत. २०१८ च्या १.३ आवृत्तीत एक पुरते.

कॅशेचे महत्त्व दहावीच्या निकालाच्या दिवशी नीट कळते. महाराष्ट्रभरातले विद्यार्थी आणि पालक ठरलेल्या मिनिटाला बैठक क्रमांक आणि आईचे नाव भरून एकच बटण दाबतात. एरवी शांत असलेल्या सर्व्हरवर सगळा भार एका क्षणी येतो. पण या माहितीचा स्वभाव कॅशेला फार सोयीचा आहे: जाहीर झालेला निकाल तासाभरात बदलत नाही. प्रत्येक गुणपत्रक आधीच तयार करून ठेवले, तर ऐनवेळी डेटाबेसला हात लावावा लागत नाही. इथे दोन गोष्टी जपाव्या लागतात. कॅशेची किल्ली (नोंद शोधण्याची खूण) बैठक क्रमांक आणि आईचे नाव या दोन्हींवरून बनली पाहिजे, नाहीतर एकाचे गुण दुसऱ्याला दिसतील किंवा चुकीचे नाव भरणाऱ्यालाही निकाल मिळेल; संथ पान परवडले, ही चूक परवडत नाही. आणि सर्व नोंदींची मुदत एकाच क्षणी संपू देऊ नये. तसे झाले की हजारो विनंत्या एकदम डेटाबेसवर धावतात आणि कॅशे असूनही तो कोलमडतो.

मराठी मजकुराचे स्वतःचे वजन असते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या रूढ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘ग्रंथालय’ या शब्दात आठ चिन्हे, म्हणून २४ बाइट. जीझिप किंवा ब्रॉटली ही मजकूर दाबून लहान करणारी पद्धत चालू केली की यातला बराच भार उतरतो, कारण प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट तोच असतो. फॉन्टचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये आकृत्या पुष्कळ असतात. मुंबईच्या एक टाइप या गटाने घडवलेला, खुल्या परवान्याचा मुक्ता सात जाडींमध्ये मिळतो. बहुतेक पानांना दोन पुरतात. फाइल लहान करताना जोडाक्षरे जुळवणारे तक्ते कापले गेले, तर ‘क्ष’ आणि ‘त्र’ पाय मोडून उभे राहतात. वाचकाला पाव सेकंद थांबावे लागले तरी चालेल, पण अक्षर तुटता कामा नये.

मोजमापासाठी गुगलचे तीन निकष सध्या रूढ आहेत: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा, पान उघडताना मजकूर जागेवरून सरकण्याचा गुणांक ०.१ च्या आत राहावा. यातला प्रतिसादाचा निकष मार्च २०२४ पासून आजच्या रूपात आहे. हे मोजमाप कार्यालयाच्या वायफायवर करून उपयोग नाही. संध्याकाळी दादरच्या पुलावर, दोन-तीन वर्षे वापरलेल्या साध्या अँड्रॉइड फोनवर ते करावे. जावास्क्रिप्टचा जड गठ्ठा तिथे उलगडायलाच वेळ खातो.

एसएमएस, ईमेल, पीडीएफ अशी कामे वापरकर्त्याला थांबवून विनंतीच्या आत न करता रांगेत टाकावीत. जँगोसोबत सेलरी, रेल्ससोबत साइडकिक ही साधने ती मागाहून पार पाडतात. ॲप्लिकेशन लोकांसाठी खुले करताना डीबग (दोष शोधण्यासाठीची अवस्था) बंद असल्याची खात्री करावी. जँगोमध्ये ते चालू राहिले, तर क्वेरी स्मृतीत साठत जातात आणि बिघाड झाला की आतली माहिती परक्याच्या पडद्यावर उघडी पडते.