कॅलिब्रेशनची यादी ईटीपीपर्यंत न्या

झिंक प्लेटिंगच्या (धातूच्या भागांवर जस्ताचा थर चढवणाऱ्या) कारखान्यात आयएसओ ९००१ हे गुणवत्तेचं मानक सहसा आधी येतं, कारण ते ग्राहक मागतो. नंतर आयएसओ १४००१ हे पर्यावरणाचं मानक घ्यायचं ठरलं की नव्या फायलींचा ढीग डोळ्यांपुढे उभा राहतो. त्याची गरज नाही. २०१५च्या आवृत्त्यांपासून दोन्ही मानकांचा सांगाडा एकच आहे, दहा कलमांचा. कागदपत्रांचं नियंत्रण, अंतर्गत ऑडिट, एनसी (मानकाशी विसंगती) निघाल्यावर मूळ कारण शोधणं ही सगळी घडी आधीच बसलेली असते.

अडचण एवढीच, की ती उत्पादनाच्या शेडबाहेर पडत नाही. पॅसिव्हेशनच्या (जस्तावर क्रोमचा संरक्षक थर देण्याच्या) टाकीचा पीएच मीटर कॅलिब्रेशनच्या, म्हणजे अचूकता तपासायच्या उपकरणांच्या, यादीत असतो. ईटीपीतला (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतला) नसतो, कारण त्याच्यामुळे जॉब, म्हणजे प्लेट केलेला भाग, नापास होत नाही. हेक्साव्हॅलंट (विषारी रूपातल्या) क्रोमचं सांडपाणी पीएच २ ते ३ वर आणून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात, म्हणजे त्याचं कमी विषारी ट्रायव्हॅलंट क्रोम होतं. मग चुन्यानं पीएच ८ ते ९ पर्यंत चढवला की क्रोम गाळात बसतो. मीटर ३ दाखवतोय आणि खरा पीएच ४ आहे, तर पहिली अभिक्रिया फार मंदावते आणि विषारी क्रोम तसाच पुढे जातो. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम! तो मीटर त्याच यादीत घाला, ४ आणि ७ च्या बफरवर तपासा. खर्च जवळपास शून्य.

रीवर्कचंही तेच. ॲसिडमध्ये सोलून पुन्हा प्लेट केलेला जॉब रिजेक्शनच्या तक्त्यात ‘वाचलेला’ दिसतो. त्यापायी वाढलेला गाळ कुठेच दिसत नाही.

धुण्याच्या पाण्याचा हिशेब तर करून बघाच. जॉबला चिकटून ताशी १ लिटर द्रावण येत असेल आणि ते हजारपट पातळ करायचं असेल, तर एका टाकीला ताशी १००० लिटर पाणी लागतं. उलट्या प्रवाहानं (जॉब एका दिशेनं, पाणी विरुद्ध दिशेनं) जोडलेल्या दोन टाक्यांना सुमारे ३२. जिग (जॉब टांगायचा सांगाडा) निथळू देण्याचे सेकंदही प्रोसेस शीटवर लिहा, ऑपरेटरच्या मर्जीवर सोडू नका.

१४००१मधले पर्यावरणीय पैलू (कलम ६.१.२) आणि कायदेशीर बंधनं (कलम ६.१.३) मात्र ९००१मधून उचलता येत नाहीत. जुन्या जोखीम-तक्त्यात गुण ग्राहकाच्या तक्रारीवरून दिलेले असतात, आणि नाला तक्रार करत नाही. घातक गाळ साधारणपणे ९० दिवसांच्या वर साठवता येत नाही, म्हणजे प्रत्येक पिंपावर भरल्याची तारीख हवी. कच्च्या मालाला फिफोची (आधी आलेला माल आधी वापरायची) चिठ्ठी लावणाऱ्या स्टोअरकडेच हे काम द्या.